गाडी घसरवतं कोण?

शंकेखोर : माझा आक्षेप खेळावर नाही, त्यामागच्या दाव्यावर आहे. हातभर लांबीची, दीडएक किलोची, रिमोटवर चालणारी गाडी गुळगुळीत फरशीवर आडवी घसरत वळण घेते, ते बघायला झकास वाटतं. मीही थांबून बघतो. पण शेजारचा लगेच म्हणतो, ‘काय हात आहे बघा याचा!’ कोणाचा हात? मागची चाकं पकड सोडून बाहेर जाताना पुढची उलटीकडे वळवायची आणि गाडी त्या आडव्या अवस्थेत धरून ठेवायची, याला ड्रिफ्टिंग म्हणतात. सत्तरच्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी जपानच्या शर्यतींत असे वळायचे. त्यांचं पाहून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तयार झाले. १९८७ मध्ये त्यांची ‘प्लसपी’ ही व्हिडिओफीत निघाली आणि जपानी पोरं खुळावली. उलटं स्टिअरिंग किती मारायचं, कधी सोडायचं, हे त्या माणसाच्या हातांना कळत होतं, त्याचंच ते खूळ होतं. तुझ्या गाडीत हे काम काडेपेटीहून लहान डबी करते. गाडीचं बूड किती वेगानं फिरतंय ते गायरो मोजतो आणि त्या हिशेबानं पुढची चाकं उलटी वळवतो. मग तुझ्याकडे उरलं काय? रिमोटचा ट्रिगर दाबणं.

शौकीन : काका, तुम्ही गोष्ट शेवटाकडून सांगताय. सुरुवातीला या गाड्यांत गायरो नव्हताच. एकदशांश मापाच्या टुरिंग कार होत्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या. हौशी मंडळींनी त्यांचे रबरी टायर काढले आणि नळकामाच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून चाकांवर चढवले. गाडी घसरायला लागली. मग कंपन्यांनी कडक प्लॅस्टिकचे तयार टायर आणले. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं, की मागची चाकं पुढच्यांपेक्षा दीडपट, दुप्पट वेगानं फिरवली तर? त्यासाठी पुली आणि गिअर बदलले. ही काउंटरस्टिअरची, म्हणजे ‘सीएस’ची पद्धत. मागची चाकं जोरात घसरतात, पुढची मात्र जिकडे तोंड असेल तिकडे गाडी ओढत नेतात, त्यामुळे ती गिरकी खात नाही. तुमच्या कसोटीवर हा खेळ अगदी शुद्ध ठरेल. तरी तो मागे पडला.

शंकेखोर : का?

शौकीन : खरा दिसत नव्हता म्हणून. सिल्व्हिया घ्या, नाहीतर ‘इनिशियल डी’ या मांगामुळे जगभर पोहोचलेली टोयोटा एई८६ घ्या. या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त दिशा देतात. सीएसच्या गाडीत पुढची चाकंही ओढतात, आणि बारकाईनं बघणाऱ्याला ती लबाडी दिसते. गाडी वळणात रेटल्यासारखी न दिसता ओढल्यासारखी दिसते. म्हणून लोकांनी पुढचा शाफ्ट काढून टाकला. त्यासरशी गाडी जागच्या जागी गरकन फिरायला लागली. तेव्हा गायरो आला, तोही उसना. मॉडेल हेलिकॉप्टरची शेपटी स्थिर ठेवायला तो आधीपासून वापरात होता. गेल्या दशकाच्या मध्यावर योकोमोची वायडी-२ सारखी, मुळातच मागच्या चाकांवर चालण्यासाठी बांधलेली चासी आली आणि ही पद्धत रुळली.

शंकेखोर : म्हणजे गंमत बघ. खरी दिसावी म्हणून गाडी मागच्या चाकांवर आणली, आणि ती चालावी म्हणून तिच्यात जी वस्तू घातली ती कुठल्याच खऱ्या ड्रिफ्टच्या गाडीत नसते. दिसणं खरं झालं आणि चालवणं खोटं. सीएसची गाडी निदान लबाडी उघड्यावर करत होती. पुली मोजली की कळायचं.

शौकीन : नसते कशी? असते, फक्त तिला तार आणि बॅटरी लागत नाही. मुरलेला ड्रिफ्टर वळणात शिरताना स्टिअरिंग घट्ट धरत नाही, हातातून सोडून देतो. ते आपोआप गरगर फिरून उलटीकडे जातं. कारण पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे कललेला असतो. हा कास्टर. त्यामुळे टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा वळण्याच्या आसाच्या मागे पडते, आणि गाडी प्रत्यक्षात जिकडे चालली आहे तिकडे चाक स्वतःच तोंड करतं. म्हणजे उलटं स्टिअरिंग मारण्याचं निम्मं काम गाडीच करते. आता माझ्या गाडीकडे या. तिची पुढची चाकं सर्व्होला, म्हणजे ती वळवणाऱ्या छोट्या मोटरला, जोडलेली. रिमोटनं सांगितलेल्या जागेवर सर्व्हो ती करकचून धरून ठेवतो. कास्टर आठ अंश द्या नाहीतर दहा, चाकाला स्वतःहून वळायची मुभाच नाही. सर्व्होनं हिरावलेली ती मुभा गायरो परत देतो. दुसरा मुद्दा काळाचा. गाडीची लांबी दहा पट कमी झाली की तिच्या हालचाली दहाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे जवळजवळ ३.१६ पट लवकर उरकतात. माणसाला प्रतिसाद द्यायला ०.२ सेकंद लागतो असं धरा. छोट्या गाडीच्या हिशेबात तो ०.६३ सेकंद झाला. खऱ्या गाडीत कोणी इतक्या उशिरा स्टिअरिंग मारलं, तर तो केव्हाच उलटं तोंड करून उभा असेल.

शंकेखोर : वर्गमूळ बरोबर. पण हिशेबातली एक संख्या तू खिशात ठेवलीस. हालचालींचा वेग फक्त लांबीवर ठरत नाही, पकडीवरही ठरतो. ३.१६ हा आकडा दोन्ही गाड्यांच्या टायरांना सारखीच पकड असेल तर येतो. तुझे टायर कडक प्लॅस्टिकचे, फरशी पॉलिश केलेली. समज, पकड खऱ्या गाडीच्या चौथाईवर आली. चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे सगळं पुन्हा दुप्पट सावकाश झालं. ३.१६ भागिले २, साधारण १.६. तुझे ०.६३ सेकंद ०.३२ वर आले. हे अवघड आहे, अशक्य नाही. अर्धं संकट टायरनंच दूर केलं होतं, आणि गायरोचं समर्थन करताना तू संकट पूर्ण दाखवलंस.

(हिशेब दोघांचाही बरोबर आहे, आणि शंकेखोराचा जास्त पूर्ण. कडक टायर गाडी घसरावी म्हणून लावतात, हे सगळे जाणतात. त्या टायरांनी काळही लांबतो, हे खेळणाऱ्यांतही क्वचित बोललं जातं.)

शौकीन : मानलं. पण खऱ्या गाडीतला माणूस गाडीत बसलेला असतो. बूड सुटलं की त्याला ते आधी पाठीला, कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. मी दहा-पंधरा फुटांवर उभा. माझ्याकडे फक्त डोळे, आणि गाडी माझ्या दिशेनं येत असली की तिचं डावं ते माझं उजवं. अंगाला कळणारी ती पहिली खबर मला मिळतच नाही. ती गायरोला मिळते. आणि तो गाडी चालवतो हे तर साफ चूक. गायरोचा गेन, म्हणजे त्याचा जोर, वाढवला की तो जास्त जोरानं उलटं ओढतो, आणि गाडी सरळ होऊन वळणाबाहेर जायला बघते. तेव्हा मलाच वळणाच्या आत स्टिअरिंग देऊन कोन टिकवावा लागतो. आमचं भांडण चालू असतं, गायरोचं आणि माझं. ते जुळवायला लागते ती गोष्ट म्हणजे सेटअप, आणि तिच्याबद्दल तुम्ही अजून एकही प्रश्न विचारलेला नाही.

शंकेखोर : विचारतो. सांग, काय करतोस?

शौकीन : आधी जमीन बघतो. कार्पेट, डांबर, पॉलिश काँक्रीट, आपल्याकडची शहाबादी फरशी, प्रत्येकीला वेगळं प्लॅस्टिक मानवतं. स्पर्धेत बहुधा आयोजकच टायर ठरवून देतात, म्हणजे हा विषय सगळ्यांसाठी सारखा. मग वजन. मागची चाकंच गाडी ढकलणार, तेव्हा निम्म्याहून जास्त वजन मागे हवं. बॅटरी मागे सरकवायची, मोटर वर उचलायची. वजन उंच असलं की वेग घेताना ते मागच्या चाकांवर चांगलं बसतं. मोटर चाकांच्याच दिशेनं फिरते की उलट, यानंही फरक पडतो. त्याच दिशेनं फिरत असेल तर ट्रिगर दाबताच तिच्या झटक्यानं गाडीचं नाक किंचित उचललं जातं आणि मागची बाजू दबते. उलट फिरणारी मोटर नाक दाबते आणि मागची पकड कमी करते. मागच्या आसात डिफरन्शियल नको. दोन्ही चाकं एकत्रच फिरायला हवीत, म्हणून तिथे घट्ट स्पूल.

मग पुढची बाजू, आणि खरा वेळ इथेच जातो. रस्त्यावरच्या गाडीचं चाक ३५-४० अंश वळतं. ड्रिफ्टच्या गाडीत ते ६० च्या पुढे न्यावं लागतं, आणि तिथवर जाताना ते शॉक ॲब्सॉर्बरला, चासीला, बॉडीला घासता कामा नये. रुडॉल्फ ॲकरमन यांनी लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतलेली रचना असं सांगते, की वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं. घोडागाडीला ते ठीक, मोटारीलाही ठीक. पण आम्ही पूर्ण उलटं स्टिअरिंग मारलेलं असताना चाकं अशी फाकली, तर त्यातलं एक ब्रेकसारखं घासतं आणि गाडीचा वेग खातं. म्हणून जोडदांड्यांची लांबी आणि कोन बदलून पूर्ण वळणावर दोन्ही चाकं जवळपास समांतर आणायची. मुद्दाम थोडी फाकही ठेवता येते, जोडीनं धावताना पुढच्या गाडीवर आदळायची भीती असेल तर. पुढच्या चाकांना सहा-सात अंश आत कललेला कॅम्बर, कारण पूर्ण वळल्यावर कास्टरमुळे तो कोन पार बदलतो आणि टायर तेव्हा सपाट टेकायला हवा. गायरो सगळ्यांत शेवटी. गाडी हातात धरून बूड फिरवायचं. चाकं ती आधी जिकडे बघत होती तिकडेच बघत राहिली पाहिजेत. उलट वळत असतील तर गायरोची दिशा बदलायची, नाहीतर पहिल्याच वळणावर गिरकी. मग गेन थोडाथोडा वाढवत न्यायचा. सरळ रेषेत पुढची चाकं थरथरायला लागली की मर्यादा कळली, तिथून थोडं मागे यायचं. सर्व्हो जितका चपळ, तितकी ती मर्यादा वर.

शंकेखोर : हे ऐकून माझं मत थोडं हललं, हे लपवत नाही. पण हललं ते भलत्याच बाजूला. तू सांगितलंस ते सगळं कारागिराचं काम आहे आणि उत्तम आहे. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी काढून देतो तेव्हा त्याचं श्रेय मोठंच असतं. पण मैफल त्याच्या नावानं होत नाही. तुमच्याकडे जवारी काढणारा आणि गाणारा एकच समजला जातो, आणि गुण मात्र गाण्याला देतात. शिवाय या सेटअपचे तक्ते तयार मिळतात. अमुक चासी, अमुक जमीन, इतका कास्टर, शॉकमध्ये इतकं तेल, इतका गेन. ते उतरवून घेतले की दुसऱ्याची कारागिरीही आपली. आता गुणांचं बघ. कोन किती मोठा यावर गुण. पण कोन किती व्हावा हे चाक किती अंश वळतं यावर ठरलंय, आणि तो टिकवतोय गायरो. मग तो गुण कोणाला?

शौकीन : कोनाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. आमच्यातही जुनी माणसं नुसत्या कोनाला भुलत नाहीत. पण तक्त्याचं ऐका. तोच तक्ता दोघांना द्या. एकाची गाडी भिंतीच्या कडेला मागचा बंपर घासेल न घासेल अशी जाते, दुसऱ्याची हातभर आत. कारण तक्त्यात ट्रिगर नाही. मागची चाकं किती जोरात फिरतात यावर गाडीची रेषा ठरते. जास्त दाबलंत तर बूड बाहेर, कमी केलंत तर गाडी आत पडते. गायरोला यातलं काही माहीत नाही. त्याला भिंत दिसत नाही, ट्रॅक दिसत नाही. आणि जोडीच्या फेरीत तर तो पुरता आंधळा. पुढे एक गाडी, तिच्या दाराला खेटून मागची. पुढच्यानं वेग मोडला की मागच्यानं त्याच क्षणी तो मोडायचा, आणि तरी घसरण सोडायची नाही. सगळा खेळ खरं तर या फेरीसाठी आहे. पुढची गाडी बघतो तो माणूस.

शंकेखोर : तू बरोबर तिथे आलास, जिथे मला तुला आणायचं होतं. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका डेलोरियन गाडीनं चालकाच्या हाताशिवाय गोलाकार घसरून दाखवलं. २०२४ साली टोयोटाची संशोधन संस्था आणि स्टॅनफर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवर दोन सुप्रा गाड्या जोडीनं ड्रिफ्ट करून दाखवल्या. पुढची आपली आपण घसरतेय आणि मागची तिच्या मागे, दोन्ही यंत्राच्या ताब्यात. म्हणजे यंत्राला जोडी जमत नाही, हे तुझं शेवटचं ठाणंही गेलं. आज तुझ्या डबीला डोळे नाहीत, एवढंच. डोळे बसले की तू काय म्हणशील? तेव्हाही ‘ट्रिगर माझा’?

शौकीन : तेव्हा म्हणेन, की ते डोळे मला नकोत. यंत्राला काय जमत नाही यावर मी माझी जागा ठरवत होतो, ती चूक तुम्ही दाखवलीत. आता माझा मुद्दा एवढाच, की काय यंत्राला द्यायचं आणि काय आपल्याकडे ठेवायचं हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं असतं. फॉर्म्युला वनमध्ये चाकाची पकड सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था १९९४ ला बंद केली, २००१ ला परत येऊ दिली, २००८ ला पुन्हा बंद केली. यंत्राची कुवत तेवढीच होती, लोकांचं मन बदललं. आमच्याच भावकीत, रिमोटच्या टुरिंग कारच्या शर्यतींत गायरोला मनाई असते. आणि जपानच्या डी१ ग्रां प्री या खऱ्या गाड्यांच्या ड्रिफ्ट स्पर्धेत गाडीवर यंत्र बसवून वेग आणि कोन मोजतात, त्यावर गुण देतात. तिथे गुण देणाऱ्याचं काम यंत्राला दिलं, चालवणाऱ्याचं नाही. आम्ही उलट केलंय.

(इथे शौकीन जरा हातचं राखून बोलतो. ‘खेळणाऱ्यांनी ठरवायचं’ म्हणताना ठरवलेलं पाळलं जातंय की नाही हे कसं कळणार, ते तो सांगत नाही. शंकेखोर नेमकं तेच धरतो.)

शंकेखोर : मग ठरवा. टायर जसे आयोजक देतात तसा गायरोही द्या. सगळ्यांना एकच, गेन ठरवून, सील लावून.

शौकीन : गेनचा आकडा दोन गाड्यांत एकच असला तरी त्याचा अर्थ एक नसतो. गायरोसोबतचा सर्व्हो तेज की मंद, यावर तो ठरतो. म्हणजे सर्व्होही सारखा द्यावा लागेल. मग ज्याची चासी त्या जोडीला मानवते तो पुढे जाईल. आणि गायरो पार काढूनच टाकलात तरी त्याचं काम आम्ही दुसऱ्याला देऊ. वजन गाडीच्या दोन टोकांना नेऊ, म्हणजे ती फिरायलाच वेळ लावेल. टायर आणखी गुळगुळीत घेऊ, तुमच्याच वर्गमुळानं काळ आणखी लांबेल. मग वजनावरही बंदी घालणार?

शंकेखोर : नाही. वजन काही ठरवत नाही, ते जागेवर पडलेलं असतं. गायरो मोजतो आणि मोजून वागतो.

शौकीन : शॉकमधलं तेलही मोजूनच वागतं म्हणा. दांडा जितक्या वेगानं आत जाईल तितका ते विरोध करतं. साध्या मोडमधला गायरो यापलीकडे काही करत नाही. बूड जितक्या वेगानं फिरेल, तितकं उलटं वळण. फिरणं थांबलं की तोही गप्प.

शंकेखोर : साधा मोड म्हणालास. म्हणजे दुसराही आहे.

शौकीन : आहे. फुताबाच्या गायरोत त्याला एव्हीसीएस म्हणतात, हेलिकॉप्टरमधून आलेला. तो दिशा लक्षात ठेवतो. गाडी त्या दिशेपासून हलली की फिरणं थांबल्यावरही ती परत आणायला बघतो.

शंकेखोर : मग माझी रेघ इथे. त्या क्षणाला विरोध करणारा गायरो मी तेलाच्या आणि कास्टरच्या पंगतीला बसवायला तयार आहे. सकाळपासून तयार नव्हतो, हे तुझ्यामुळे. पण जो लक्षात ठेवतो तो चालक झाला. त्याला खेळात जागा नको.

शौकीन : रेघ चांगली आहे, पण ती बाहेरून दिसत नाही. गाडी वळणातून जाताना कुठला मोड लावलाय हे सांगणारा परीक्षक मला तरी भेटलेला नाही. आणि ही रेघ ओढायची तर एकट्या गायरोवर कशाला? ईएससीत, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीत, बूस्ट असतो. मोटरचे फेरे एका आकड्यापुढे गेले की तो टायमिंग आपोआप पुढे ढकलतो, तेवढ्यानं मागची चाकं जास्त जोरात फिरतात. तोही मोजतो, तोही वागतो. किती फेऱ्यांना सुरू व्हायचं हे मी आधीच सांगून ठेवलेलं त्याच्या लक्षात असतं. त्याबद्दल तुम्ही इतका वेळ चकार शब्द काढला नाहीत.

शंकेखोर : कारण तो पुढची चाकं वळवत नाही.

शौकीन : मागची फिरवतो, काका. घसरणं तिथूनच सुरू होतं.